संगमरवरी ओट्याचा सांधा: दगड विकत घेण्याआधी ठरवायची गोष्ट

स्वयंपाकघराचा ओटा संगमरवराचा करायचे ठरले की घरात चर्चा होते ती दगडाच्या रंगाची, भावाची आणि चकाकीची. तो दगड किती तुकड्यांत बसणार आणि त्या तुकड्यांमधला सांधा नेमका कुठे येणार, हा प्रश्न बहुतेक वेळा कारागीर ग्राइंडर घेऊन दारात उभा राहिल्यावर निघतो. तोपर्यंत दगड घेऊन झालेला असतो, खालचे कप्पे बांधलेले असतात, सिंकची जागा नळजोडणीने पक्की केलेली असते आणि सांध्याला स्वतःची जागा निवडायला वाव उरलेला नसतो. घरांच्या आतल्या कामांची देखरेख करताना जळगाव-धुळ्याकडच्या अनेक घरांत मी हे पाहिले आहे आणि एकदा स्वतःच्या घरातही हीच चूक केली आहे. सांधा म्हणजे कामातली हयगय, असा एक समज आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात मोठ्या किंवा वळणाच्या ओट्यात तो येणारच असतो. तो कागदावर, दगड निवडण्याच्या आधी ठरला तर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

सांधा का येतो, हे आधी पाहू. आपला खानदेश काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. संगमरवर इथे कुठेच निघत नाही, तो राजस्थानातून किंवा गुजरातेतल्या अंबाजीकडून मालमोटारींनी येतो. खाणीतून निघणाऱ्या ठोकळ्याच्या आकारावर त्यातून कापलेल्या पाट्यांची, म्हणजे मोठ्या सपाट फरश्यांची लांबी अवलंबून असते. राजस्थानातल्या मकराण्याचा दगड प्रसिद्ध असला तरी त्याच्या पाट्या पुष्कळदा लहान मापाच्या असतात, तर परदेशातून आणलेल्या इटालियन पाट्या साधारण ८ ते १० फूट लांब आणि ५ ते ६ फूट रुंद मिळतात. त्यांचीही कड ओबडधोबड असते आणि ती छाटल्यावर दोन्ही टोकांना मिळून दोन-तीन इंच जातात. देशी पाटी बहुधा १६ ते १८ मिलिमीटर जाडीची, तर आयात केलेली १८ ते २० मिलिमीटर जाडीची असते. ओट्याची खोली २ फूट धरली तर ११ फुटी भिंतीला पुरेल असा अखंड दगड बाजारात शोधत बसण्यापेक्षा सांधा कुठे घ्यायचा याचा विचार केलेला बरा.

दुसरे कारण वजनाचे आहे. १ घनमीटर संगमरवराचे वजन सुमारे २,७०० किलो भरते. त्या हिशेबाने १८ मिलिमीटर जाडीच्या पाटीचा १ चौरस फूट तुकडा साधारण साडेचार किलोचा होतो आणि १० फूट लांब, २ फूट रुंद पट्टी ९० किलोच्या आसपास जाते. हे वजन चार माणसांना अवघड नाही. अडचण अशी की पातळ, लांब दगड आडवा धरून उचलला तर तो स्वतःच्याच भाराने मधोमध तडकू शकतो, म्हणून तो नेहमी कडेवर उभा धरून न्यावा लागतो. आता जुन्या पेठेतली अरुंद गल्ली आणि तिसऱ्या मजल्यावर नेणारा, दर दहा पायऱ्यांनी वळणारा जिना डोळ्यांसमोर आणा. १० फुटी पट्टी त्या वळणावर फिरतच नाही. म्हणून मी घरमालकांना पहिली सूचना देतो ती जिन्याचे वळण आणि लिफ्टची आतली उंची मोजण्याची. ओट्याचे माप घेण्याआधी जिन्याचे माप घ्यायला सांगतो तेव्हा लोक हसतात, पण पट्टी वर जाणारच नसेल तर बाकीचा सगळा विचार फुकट जातो.

तिसरी बाब दगडाच्या स्वभावाची. संगमरवर म्हणजे भूगर्भातल्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला चुनखडक, आणि त्यातले मुख्य खनिज कॅल्साइट. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर कॅल्साइट ३ वर आहे, तर ग्रॅनाइटमधले क्वार्ट्झ ७ वर आहे. याचा सांध्याशी थेट संबंध येतो. मऊ दगडाची कड लवकर कचते, त्यामुळे सांध्याच्या कडेचे बारीक टवके उडाले की मूळ केसाएवढी फट वर्षभरात काडीएवढी दिसू लागते. शिवाय कॅल्साइटवर आम्ल पडले की ते झिजते. लिंबू, चिंचेचा कोळ, ताक, टोमॅटो यांपैकी काहीही थोडा वेळ राहिले तर चकाकी जाऊन तिथे निस्तेज डाग पडतो. सांध्याच्या खोबणीत असे थेंब हमखास थांबतात आणि पुसायचे राहून जातात. आपल्या काळ्या मसाल्याच्या, तेलाचा तवंग येणाऱ्या रश्शाच्या आणि हळदीच्या स्वयंपाकघरात पांढरा संगमरवर घालावा का, हा वेगळा वाद आहे. मला विचाराल तर मी सिंकच्या बाजूला ग्रॅनाइट आणि उरलेल्या भागात संगमरवर सुचवतो. पण ज्यांनी संगमरवर घ्यायचे पक्के केले आहे, त्यांनी निदान सांधा पाण्या-मसाल्याच्या वाटेतून बाजूला काढावा.

आता प्रत्यक्ष मापांवर येऊ. समजा, ओटा काटकोनात वळणारा आहे. पूर्वेच्या भिंतीला ११ फूट, उत्तरेच्या भिंतीला ७ फूट, खोली दोन्हीकडे २ फूट आणि सिंक उत्तरेच्या खिडकीखाली. बाजारात पसंत पडलेली पाटी साडेनऊ फूट लांब आणि ५ फूट रुंद आहे. कडा छाटून तिच्यातून सव्वानऊ फूट लांबी सहज मिळते. बहुतेक कारागीर सवयीने लांब बाजू आधी धरतात, म्हणजे कोपरा पूर्वेच्या पट्टीला देतात. तसे केले तर पूर्वेला अखंड ११ फूट लागतात आणि पाटी पुरत नाही. मग ९ फुटांची एक पट्टी आणि २ फुटांचा एक तुकडा असा एक सांधा पूर्वेला येतो, आणि उत्तरेची उरलेली ५ फुटी पट्टी जिथे भिडते तिथे दुसरा. आता कोपरा उत्तरेच्या पट्टीला देऊन पाहा. उत्तरेला कोपऱ्यासकट ७ फूट लागतात आणि पूर्वेला ११ मधून कोपऱ्याचे २ वजा होऊन ९ फूट उरतात. दोन्ही पट्ट्या एकाच पाटीच्या रुंदीतून निघतात, कारण २ आणि २ मिळून ४ फूट होतात. रुंदीच्या कडांची छाट आणि पात्याच्या जाडीने प्रत्येक कापात जाणारे सुमारे ३ मिलिमीटर वजा केले तरी जवळपास पाऊण फूट रुंदीची पट्टी समोरच्या कडेसाठी आणि भिंतीलगतच्या पट्टीसाठी शिल्लक राहते. एक पाटी, एक सांधा. कोपरा कोणाच्या वाट्याला द्यायचा एवढ्याच निर्णयाने एक सांधा आणि कदाचित दुसऱ्या पाटीचा खर्चही वाचला. व्यापारी पूर्ण पाटीचे पैसे घेतो, उरलेल्या तुकड्यांचे परत देत नाही, हे लक्षात घेतले तर हा हिशेब अर्धा तास बसून करण्यासारखा आहे.

कोपऱ्यातला सांधा दोन प्रकारे घेता येतो. एक म्हणजे वर सांगितलेला सरळ सांधा, जो ओट्याच्या आतल्या कोनापासून निघून सरळ भिंतीला जातो. त्याची लांबी ओट्याच्या खोलीइतकी, म्हणजे २४ इंच असते. दुसरा तिरपा, फोटोच्या चौकटीच्या कोपऱ्यासारखा, आतल्या कोनापासून भिंतींच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा. याची लांबी जवळपास ३४ इंच भरते. तिरप्या सांध्याने दगडातल्या रेषा वळणावर डौलाने फिरल्यासारख्या दिसतात, आणि लांबट, ठळक रेषांच्या दगडात ती शोभा खरोखर मोहात पाडते. पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. सांधा १० इंचांनी लांबतो. दोन्ही पट्ट्यांची भिंतीकडची टोके ४५ अंशांची, भाल्यासारखी निमुळती होतात आणि वाहतुकीत आधी तीच तुटतात. आणि तिरप्या सांध्यात दोन्ही पट्ट्यांना कोपऱ्यापर्यंत पोहोचावे लागते, त्यामुळे आपल्या उदाहरणात पूर्वेची पट्टी पुन्हा ११ फुटांची होते आणि पाटीत बसत नाही. बारीक, ढगाळ नक्षीचा दगड असेल तर तिरप्या सांध्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

काहीजण वळणाचा संपूर्ण ओटा एकाच पाटीतून, काटकोनी आकारात कापून मागतात. सांधा राहत नाही हे खरे, पण आतल्या कोनात सगळा ताण एकवटतो आणि दगड बहुधा तिथूनच तडकतो. सिंकसाठी पाडलेल्या छिद्राच्या कोपऱ्यांचेही तसेच आहे. कोन टोकदार न ठेवता थोडा गोल काढावा आणि पात्याचा काप ठरल्या रेषेच्या पुढे एक केसही जाऊ देऊ नये. पुढे गेलेला काप म्हणजे तडा जायला आखून दिलेली वाट.

सिंकजवळचा सांधा हा सर्वांत वादाचा विषय. त्याच्या बाजूने एक सरळ युक्तिवाद आहे. ओटा २४ इंच खोल आणि सिंकचे तोंड १८ इंचांचे असेल, तर सिंकच्या मधोमध सांधा घेतल्यावर दिसणारी लांबी पुढे-मागे मिळून जेमतेम ६ इंच उरते. २४ इंचांची रेघ ६ इंचांवर आली, मग वाईट काय? जिथे सिंकमध्ये दिवसातून दोन कप विसळले जातात तिथे हा युक्तिवाद पटू शकेल. आपल्या घरांत सिंकच्या पुढच्या तीन इंची पट्टीवर पोट टेकून माणूस भांडी घासत असतो, जड पातेली त्याच कडेवर टेकवली जातात आणि ती पट्टी सकाळपासून रात्रीपर्यंत ओली असते. दगडाचा सर्वांत अरुंद, सर्वांत कमजोर आणि सर्वांत ओला भाग हाच, आणि सांधाही तिथेच आणायचा, हे मला पटत नाही. सिंकच्या छिद्रापासून सांधा निदान ६ इंच, जमल्यास फूटभर लांब असावा. वरच्या उदाहरणात सिंक ओट्याच्या आतल्या कोनापासून दीड फूट सोडून बसवले तर सांध्यापर्यंत घासणीचे पाणी सहसा पोहोचत नाही.

हे मी पुस्तकी बोलत नाही. माझ्या घरी दगड आधी आला आणि माप नंतर झाले. पट्टी कमी पडली तेव्हा दुकानदाराने उरलेला तुकडा सिंकच्या उजव्या अंगाला लावून दिला, सिंकपासून दोन इंचांवर, आणि फटीत पांढरा सिमेंट भरला. पहिल्या दिवशी सांधा दिसतही नव्हता. दिवाळीपर्यंत ती रेघ आधी पिवळी, मग तपकिरी झाली, कारण पांढरा सिमेंट सच्छिद्र असतो आणि हळदीचे पाणी मुरवून घेतो. पुढे सिंककडचा तुकडा किंचित खचला. किती, ते मोजून सांगता आले नसते, पण ओटा पुसताना फडक्याचा धागा रोज त्याच जागी अडकायचा. शेवटी सिमेंट खरवडून इपॉक्सी, म्हणजे घट्टक मिसळल्यावर कडक होणारी राळ, भरले. धागा अडकायचा थांबला, रेघ आजही आहे.

शेगडीचा विचार थोडा वेगळा आहे. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत पायांची गॅसची शेगडी ओट्यावर नुसती ठेवलेली असते. अशा शेगडीच्या खाली सांधा घेतला तर तो झाकला जातो आणि आच वरच्या दिशेने जात असल्याने दगडाला फारशी झळ लागत नाही. लांब, सरळ ओट्यात सांधा टाळताच येत नसेल तर ही जागा मला पसंत आहे, एका अटीवर. उतू गेलेले दूध आणि सांडलेले तेल शेगडी उचलून रोज पुसण्याची त्या घरात सवय असली पाहिजे. ओट्यात छिद्र पाडून बसवलेली शेगडी असेल तर मात्र सिंकचाच नियम लागू होतो, कारण तिथेही पुढे-मागे अरुंद पट्ट्या उरतात. सांधा भरायला वापरलेले इपॉक्सी दगडाइतकी उष्णता सोसत नाही, ते तापले की मऊ पडते. म्हणून शेगडीवरून उतरवलेला तवा किंवा कुकर जिथे टेकवायची सवय आहे, ती जागाही सांध्यासाठी बाद समजावी.

आता ओट्याखाली वाकून पाहू. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे कडाप्प्याच्या उभ्या फरश्या, त्यांच्यावर कडाप्प्याची आडवी बैठक आणि तिच्यावर सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसवलेला वरचा दगड. या रचनेत वरचा सांधा उभ्या फरशीच्या बरोबर माथ्यावर यावा, म्हणजे दोन्ही तुकड्यांना खालून टेकू मिळतो. एक गोष्ट इथे हमखास चुकते. खालच्या कडाप्प्याचाही सांधा असतो, आणि तो वरच्या संगमरवराच्या सांध्याच्या सरळ रेषेत आला तर दोन्ही थर एकाच जागी कमजोर होतात. गवंडी विटांचा थर रचताना खालचा सांधा वरच्या विटेने झाकतो, तेच इथे करायचे असते. प्लायवूडच्या कपाटांवर ओटा बसणार असेल तर सांधा दोन कपाटांच्या सामाईक उभ्या फळीवर घ्यावा. रुंद खणांच्या मधोमध किंवा कपडे धुण्याचे यंत्र सरकवण्यासाठी मोकळ्या सोडलेल्या जागेवर सांधा नसावा, कारण तिथे खाली आधारच नसतो. सुताराला कपाटांचे माप देण्याआधी सांध्याची जागा ठरलेली हवी, ती याचसाठी. उभी फळी चार इंच इकडे-तिकडे सरकवणे सुताराला कागदावर काहीच अवघड नसते.

नकाशावर न दिसणारी एक गोष्ट मात्र ओट्यावर उभे राहणाऱ्या माणसालाच माहीत असते. अमळनेरच्या एका घरी कडाप्प्याच्या बैठकीवर मी खडूने सांध्याची रेघ ओढून दाखवत होतो. सिंकपासून अंतर बरोबर होते, खाली टेकू होता, सगळे हिशेबात बसत होते. घरातल्या आजी उठल्या, पोळपाट आणून त्या रेघेवर ठेवला, लाटणे फिरवून पाहिले आणि अहिराणीत म्हणाल्या, “आठे नको,” म्हणजे इथे नको. त्यांचे बरोबर होते. खिडकीजवळची, हवा येणारी ती त्यांची चाळीस वर्षांची पोळ्या लाटायची जागा होती. सांध्यावर पोळपाट डुगडुगतो, पीठ फटीत बसते आणि ओल्या फडक्याने पुसले की त्याची खळ होते. सांधा दीड फूट डावीकडे, डब्यांच्या रांगेखाली नेला. तेव्हापासून मी घरात रांधणाऱ्या बाईला किंवा बुवाला एकदा तरी बैठकीसमोर उभे करून विचारतो. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचे पीठ कुठे मळता, खलबत्ता कुठे ठेवता, मिक्सर कुठे असतो. खलबत्त्याचा धक्का तर सांध्याचा वैरी आहे. ठेच्यासाठी मिरच्या कुटताना प्रत्येक ठोका दगडातून कडेपर्यंत जातो आणि भरलेला सांधा हळूहळू सुटा होतो.

दगडातल्या रेषांचा प्रश्न दिसायला शोभेचा आहे, पण सांधा लपतो की उठून दिसतो हे त्यावरच ठरते. एकाच ठोकळ्यातून एकामागून एक कापलेल्या पाट्यांवर नक्षी जवळजवळ सारखी असते, म्हणून दोन पाट्या लागणार असतील तर लागोपाठच्या क्रमांकाच्या घ्याव्यात आणि क्रमांक बिलावर लिहून घ्यावेत. अशा दोन पाट्या पुस्तकाची पाने उघडावीत तशा समोरासमोर मांडल्या की रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. त्यासाठी एका पाटीला एका बाजूने आणि दुसरीला विरुद्ध बाजूने पॉलिश करून घ्यावे लागते, म्हणून ते आधी सांगावे लागते. एकाच पाटीतून दोन पट्ट्या निघणार असतील तर एवढी खटपट लागत नाही. पांढऱ्या, मोकळ्या जागेतून जाणारा सांधा डोळ्यांत भरतो, तर करड्या रेषेच्या कडेकडेने जाणारा सांधा त्या रेषेतच विरून जातो.

हे घरी बसून कळत नाही. धुळ्याच्या बाहेर, महामार्गालगतच्या दगडाच्या गोदामात जाताना मी ओट्याच्या मापाचे खाकी कागदाचे फर्मे बरोबर नेतो. दोन पट्ट्यांचे दोन फर्मे, सिंकचे छिद्र कापलेले, आणि सांध्याच्या कडेला लाल पेन्सिलीची खूण. पाटी सावलीत घेऊन तिच्यावर पाणी शिंपडायला सांगायचे. धूळ जाते, ओल्या दगडावर रेषा गडद होतात आणि त्यांच्यासोबत कोरड्यात न दिसलेल्या चिरा आणि भरलेल्या जागाही दिसू लागतात. मग फर्मे त्या ओल्या पाटीवर सरकवत बसायचे. कधी एखादी चीर नेमकी सिंकच्या छिद्रात टाकता येते, म्हणजे ती कापलेल्या तुकड्याबरोबर निघून जाते. कधी दगडाचा कमजोर भाग सांध्याच्या रेषेवर आणून छाटून टाकता येतो. जागा ठरली की खडूने बाहेरची रेघ ओढून फोटो काढायचा आणि तो कापणाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर पाठवायचा. बोटाच्या पेराने पाटी ठोकून पाहणेही तिथेच करावे. शाबूत दगड खणखणीत वाजतो, आतून तडा असेल तिथे आवाज बद्द येतो.

उजेडाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. दोन तुकड्यांची उंची अर्ध्या मिलिमीटरने जरी वरखाली असली तरी आडव्या उजेडात त्या पायरीची सावली पडते. खिडकी ओट्याच्या मागच्या भिंतीत असेल तर उजेड सांध्याच्या लांबीच्या दिशेने येतो आणि सावली जवळजवळ पडत नाही. खिडकी ओट्याच्या टोकाला असेल तर तोच उजेड सांध्याला आडवा जातो आणि बारीकसा फरकही संध्याकाळच्या उन्हात रेघ होऊन दिसतो. अशा वेळी सांधा खिडकीपासून शक्य तितका दूर न्यावा. कपाटाखाली लावलेल्या दिव्यांच्या पट्ट्याही दगडावर तिरप्या पडल्या तर हाच खेळ करतात.

मोजमाप दगडाच्या मापाने नव्हे, भिंतीच्या मापाने घ्यावे लागते. आपल्याकडच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या जुन्या घरांत जाड मातीच्या भिंती असतात आणि त्यांचा कोपरा काटकोनात असेल हे गृहीत धरता येत नाही. नव्या इमारतींतही गिलाव्याने कोपरा बिघडलेला असतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करावी आणि दोन खुणांमधले अंतर मोजावे. ते बरोबर ५ फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. पाव इंच कमी-जास्त आले तरी ते फर्म्यात उतरवायचे. नाहीतर दोन पट्ट्या मागे भिंतीजवळ चिकटतात आणि पुढे आतल्या कोनाशी पाचरीसारखी फट राहते, किंवा याच्या उलट होते. मग कारागीर हातातल्या ग्राइंडरने कड घासून जुळवायला जातो आणि यंत्रावर सरळ कापलेली कड लहरी होते. सांध्याची कड ही यंत्रावरच कापलेली, काटकोनी आणि धारदार हवी. समोरच्या कडेला जशी गोलाई काढतात तशी सांध्याला अजिबात काढू नये, कारण दोन गोल कडा भिडल्या की मध्ये आपोआप नाली तयार होते. नीट कापलेल्या कडांची फट अर्ध्या सुतापेक्षा, म्हणजे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त असण्याचे कारण नाही.

भरण्याच्या कामात आपल्या हवेचा मोठा वाटा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला पाहुणे येणार, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होणार, म्हणून स्वयंपाकघर त्याआधी तयार हवे असा प्रत्येक घरचा हट्ट असतो. त्यामुळे सांधे भरण्याचे काम नेमके एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना निघते. इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर यांत मिसळायचे घट्टक उष्णतेत फार लवकर काम करते. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की मिश्रण घट्ट होण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. दुपारी दोन वाजता कालवलेले मिश्रण फटीच्या तळाशी जाण्याआधीच गोळा होते, सांधा वरून भरलेला दिसतो आणि आत पोकळ राहतो. हे काम पहाटे किंवा सकाळी लवकर, उन्हात न तापलेल्या दगडावर, थोडे-थोडे मिश्रण कालवून करावे. कडा ॲसिटोनने पुसून पूर्ण कोरड्या करून घ्याव्यात आणि दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावावी. मिश्रणाचा रंग दगडाच्या मूळ पांढऱ्याशी जुळवताना तो किंचित गडद राहिला तर चालतो, उजळ झाला तर रेघ उठून दिसते. आधी टाकाऊ तुकड्यावर थोडे लावून, सुकल्यावर पाहावे. मिश्रण घट्ट झाले की वरचा भाग पात्याने अलगद खरवडून काढतात. कारागीर सांध्यावर यंत्र फिरवून पॉलिश करू म्हणाला तर आधी त्याला टाकाऊ तुकड्यावर करून दाखवायला सांगावे, कारण हाताच्या पॉलिशची चकाकी कारखान्यातल्या पॉलिशशी सहसा जुळत नाही आणि मग सांध्याऐवजी चार इंचांचा पट्टाच दिसू लागतो.

उष्णतेने दगडही थोडा वाढतो. ९ फुटांच्या पट्टीत हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडू शकतो. दोन्ही टोके भिंतींत घट्ट ठोकून बसवली तर हा ताण सांध्यावर येतो, म्हणून भिंतीलगत दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून ती लवचीक सिलिकॉनने भरावी. वरून टाइलची कड येते, त्यामुळे ती दिसत नाही.

काम ताब्यात घेताना नख सांध्यावरून आडवे फिरवावे. नख अडकले तर एक बाजू वर आहे. मग रात्री दिवे घालवून विजेरी ओट्यावर आडवी ठेवावी आणि उजेड सांध्याला आडवा पाडावा, म्हणजे दिवसा न दिसलेली पायरी, पोकळी किंवा टवका लगेच दिसतो. सांध्यावर चमचाभर पाणी टाकून दहा मिनिटांनी खालच्या कपाटात हात फिरवून पाहावा. ओल लागली तर शेवटचा हप्ता देण्याआधीच सांधा पुन्हा भरून घ्यावा. दगडात मुरणारा सीलर दिल्याने तेल आणि हळद मुरायला वेळ लागतो, पण लिंबाचा डाग त्याने थांबत नाही, आणि तो काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो. पुढे कधी सांध्यात बारीक फट दिसली तर वरून पांढरा सिमेंट किंवा नळाजवळ लावायचे सिलिकॉन थापू नये. जुने भरण पात्याने खोलवर काढून, दोन दिवस कोरडे ठेवून, त्याच जातीचे इपॉक्सी त्याच रंगात पुन्हा भरावे. त्यासाठी रंग जुळवलेला तो टाकाऊ तुकडा फेकून न देता सिंकखालच्या कपाटात ठेवावा.